सदुसष्टावा लघुग्रह

स्मरणिकेच्या लेखात माजी विद्यार्थ्याने आपल्या विद्यालयाचे ऋण व्यक्त करावे, अशी रीत आहे. वसतिगृहातील पहाटेची घंटा, बुद्धवंदना, पंगतीतली पिठले-भाकरी, भन्तेजींचा धाक आणि त्यामागची माया यांविषयी माझे सहाध्यायी या अंकात लिहितीलच. मी लिहिणार आहे ते आपल्यापैकी कोणीही नुसत्या डोळ्यांनी न पाहिलेल्या एका खडकाविषयी. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान तो सूर्याभोवती फिरत असतो. त्याचा व्यास साठ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला जाण्याचे जेवढे अंतर साधारण तेवढा. खगोलशास्त्राच्या यादीत त्याचा क्रमांक ६७ असून नाव ‘आशिया’ आहे. विद्यालयाने मला काय दिले, याचा उलगडा पुढील आयुष्यात ज्या गोष्टींमुळे झाला, त्यांत या खडकाची गोष्ट मी पहिली मानतो.

आपल्या प्रार्थनासभागृहाच्या भिंतीवर धम्माचे सहा गुण लिहिलेले असत आणि धम्मवंदनेत ते आपण रोज म्हणत असू. त्यांतला ‘एहिपस्सिको’ हा शब्द मला लहानपणी फार आवडे, कारण तो म्हणताना जिभेला गंमत वाटे. ‘ये आणि पाहा’ हा त्याचा अर्थ भन्तेजींनी सांगितला होता. पाहण्याला किती कष्ट पडतात आणि एकदा पाहून का भागत नाही, हे मात्र मला खगोलशास्त्राने शिकवले.

लघुग्रहांचा इतिहास १ जानेवारी १८०१ या तारखेपासून सुरू होतो. त्या रात्री सिसिली बेटावरील पालेर्मो येथे ज्युसेप्पे पियाझ्झी यांना एक अंधूक ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री तो किंचित सरकलेला होता. पियाझ्झींनी एकेचाळीस दिवसांच्या अवधीत जमेल तेव्हा त्याचे वेध घेतले. पुढे ते आजारी पडले आणि ठिपका सूर्याच्या तेजात हरवला. सापडलेला ग्रह पुन्हा शोधावा तरी कोठे? तेव्हा जर्मनीतील कार्ल फ्रीडरिक गाउस या चोवीस वर्षांच्या गणितज्ञाने त्या थोड्या नोंदींवरून त्याची कक्षा मांडली आणि तो आकाशात कोठे असावा हे सांगितले. वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर १८०१ रोजी, तो त्या गणिताने दाखवलेल्या जागेजवळ पुन्हा दिसला. हाच ‘सेरेस’. आकाशातील वाटचाल ठरवण्यासाठी एखाद्या वस्तूचे पुरेशा अंतराने घेतलेले तीन तरी पूर्ण वेध हवेत, हा धडा तेव्हापासून पक्का झाला. दोन वेधांतून दिशा कळते, कक्षा कळत नाही.

साठ वर्षांनी या कथेचा धागा आपल्या देशात येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस, मद्रासला नुंगमबाक्कम येथे वेधशाळा उभी राहिली होती. १८६१ साली नॉर्मन रॉबर्ट पॉगसन हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ तिचे प्रमुख म्हणून आले. ऑक्सफर्डला असताना त्यांनी तीन लघुग्रह शोधले होते. ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याची जी श्रेणी आज जगभर वापरली जाते, तिचे गणिती प्रमाण ठरवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. मद्रासला येऊन थोडेच दिवस झाले असताना, १७ एप्रिल १८६१ रोजी, त्यांना नवा लघुग्रह सापडला. आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिलाच लघुग्रह. म्हणून त्यांनी त्याला ‘आशिया’ हे नाव दिले. ग्रीक पुराणकथांत याच नावाची एक देवता आहे, त्यामुळे लघुग्रहांना पुराणांतील नावे देण्याची त्या काळची प्रथाही पाळली गेली. त्या एकाच एप्रिल महिन्यात अमेरिकेतील केंब्रिज, इटलीतील मिलान आणि जर्मनीतील ड्युसेलडॉर्फजवळच्या बिल्क या ठिकाणांहूनही एकेक लघुग्रह सापडला. ही सगळी माणसे एकमेकांपासून हजारो कोस दूर बसून एकाच पद्धतीने आकाश पाहत होती.

त्या काळी छायाचित्रांची मदत नव्हती. आकाशाच्या एखाद्या तुकड्यातील सर्व बारीक तारे कागदावर नकाशाच्या रूपाने उतरवायचे. मग रात्री दुर्बिणीतून तोच तुकडा पाहून नकाशाशी ताडून घ्यायचा. नकाशात नसलेला ठिपका दिसला तर त्याची जागा मोजायची. तो नकाशात राहून गेलेला तारा असेल, तर दुसऱ्या रात्री जागच्या जागी दिसेल. लघुग्रह असेल, तर सरकलेला दिसेल. पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि नेमका विरुद्ध बाजूला लघुग्रह असतो, त्या सुमारास हे सरकणे एका दिवसात पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याइतके असते. एवढ्याशा फरकासाठी रात्रीमागून रात्री डोळा दुर्बिणीला लावून बसायचे. भारत आणि युरोप यांना जोडणारी तारयंत्राची वाहिनी १८६५ पर्यंत नव्हती, म्हणून शोधाची बातमीही टपालाने, जहाजातून जात असे.

आता या आशियाच्या कक्षेकडे पाहू. सूर्यापासून पृथ्वी सरासरी पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. आशियाचे सरासरी अंतर त्याच्या २.४२ पट, म्हणजे सुमारे ३६ कोटी किलोमीटर भरते. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तो सूर्याच्या जवळ येतो तेव्हा अंतर साडेएकोणतीस कोटींपर्यंत कमी होते आणि दूर जातो तेव्हा सुमारे त्रेचाळीस कोटींपर्यंत वाढते. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी त्याची कक्षा सुमारे सहा अंशांनी कललेली आहे. सेकंदाला सरासरी १९ किलोमीटर या वेगाने जाणाऱ्या आशियाला एक फेरी पुरी करण्यास सुमारे १३७५ दिवस, म्हणजे पावणेचार वर्षांहून किंचित अधिक काळ लागतो. शोध लागल्यापासून त्याच्या चाळीसहून अधिक फेऱ्या झाल्या आहेत. मंगळाची एक फेरी ६८७ दिवसांची असते. तेव्हा मंगळ सूर्याला दोन प्रदक्षिणा घालतो, तेवढ्या काळात आशियाची जवळपास नेमकी एक होते.

मंगळाचा उल्लेख येथे मुद्दाम केला. आमच्या घरात या ग्रहाचे नाव फार निराळ्या संदर्भात ऐकू आले होते.

माझे आजोबा १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर होते. घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि बावीस प्रतिज्ञा आम्हां भावंडांना पाठ होत्या. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न जवळच्या तालुक्यातील एका घरी जमत आले. तेही आपल्याच समाजातले, वंदना म्हणणारे, चौदा एप्रिलला निळा झेंडा घेऊन पुढे चालणारे घर होते. सुपारी फुटण्याच्या आधी त्यांच्याकडून निरोप आला की मुलीला मंगळ आहे. कोणालाही न सांगता त्यांनी ताईची जन्मवेळ विचारून घेतली होती आणि कोठल्याशा ज्योतिषाकडून पत्रिका पाहून घेतली होती. लग्न मोडले. पुढची दोन वर्षे, दुसरे स्थळ येईपर्यंत, आमच्या घरातल्या लहानमोठ्या प्रत्येक दुखण्याचे खापर शेजारपाजारच्या बायका ताईच्या मंगळावर फोडत. ती शिकलेली होती, प्रतिज्ञा तिलाही पाठ होत्या. तरीही एकदा तिने मला हळूच विचारले होते, “खरंच काही असेल का रे त्यात?” मी तेव्हा या विद्यालयात नववीत होतो. माझ्याजवळ राग होता, तिला समजावण्याजोगे उत्तर नव्हते.

उत्तर मिळायला काही वर्षे गेली. ज्या मंगळाने ताईचे लग्न मोडले म्हणतात, त्याच मंगळाने योहानेस केप्लर यांना ग्रहांच्या कक्षेचे खरे रूप दाखवले होते. टायको ब्राहे यांनी वर्षानुवर्षे घेतलेले मंगळाचे वेध केप्लर यांच्या हाती आले. त्यांनी वर्तुळांच्या आधारे कक्षा मांडली, पण गणित आणि वेध यांत आठ कलांचा फरक राहिला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. दुसऱ्या एखाद्याने तो सोडून दिला असता. केप्लर यांनी त्या फरकाचा मान राखला, आपली जुनी मांडणी टाकून दिली आणि मंगळ लंबवर्तुळात फिरतो हे १६०९ साली प्रसिद्ध केले. त्याच नियमाने आपला आशिया फिरतो.

ताईला मी पुढे हेच समजावून सांगितले. कक्षा मांडणारा माणूस एक धोका पत्करतो. अमुक रात्री, अमुक वेळी, आकाशाच्या अमुक जागी हा ठिपका दिसेल, असे तो आधी सांगून ठेवतो. तो तेथे दिसला नाही तर चूक त्याची ठरते, ग्रहाची नाही. आशियाच्या बाबतीत असा पडताळा दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. मंगळाची भीती घालणाऱ्या ज्योतिषाला मात्र कोणी वही काढून विचारत नाही की, तुम्ही सांगितलेल्यांपैकी किती खरे झाले आणि किती खोटे? ज्या विधानाची परीक्षाच होत नाही, त्याच्या आधाराने आपण आपल्या लेकींची परीक्षा घेतो.

पडताळा अपुरा राहिला तर काय होते, याचे उदाहरणही मद्रासच्याच वेधशाळेत सापडते. नोव्हेंबर १८७२ च्या अखेरीस उल्कांचा मोठा वर्षाव झाला आणि त्याचा संबंध बिएला नावाच्या हरवलेल्या धूमकेतूशी जोडण्यात आला. धूमकेतू दक्षिण आकाशात शोधा, अशी तार जर्मनीहून पॉगसन यांना आली. आकाश निवळताच त्यांनी शोध घेतला आणि २ व ३ डिसेंबरला त्यांना खरोखरच एक धूमकेतू दिसला. नंतर ढग आले आणि तो पुन्हा दिसला नाही. वेध दोनच रात्रींचे. त्यांवरून खात्रीची कक्षा निघेना. तो बिएलाचा धूमकेतू नसून भलताच एखादा होता, असे पुढे मानले गेले, पण तो कोठून आला आणि कोठे गेला हे कायमचे अनुत्तरित राहिले. पॉगसन यांच्यासारख्या अनुभवी माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, तरीही विज्ञानाने तिला दोन नोंदींपेक्षा अधिक मान दिला नाही. पाहणाऱ्याच्या मोठेपणाने पुराव्यातील उणीव भरून निघत नाही. कालामसुत्तात तथागतांनी कालामांना, केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे सांगितले. त्या उपदेशाचा मला भेटलेला हा सर्वांत स्पष्ट दाखला.

आकाशाविषयी बौद्ध परंपरेची भूमिका काय, असा प्रश्न मला आपल्या कार्यकर्त्यांकडून अनेकदा येतो. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, ग्रहणे आणि ग्रह-नक्षत्रांच्या गती यांवरून भाकिते सांगून पोट भरणे ही भिक्खूंसाठी मिथ्या उपजीविका मानली आहे. त्यावरून काहींना वाटते की आकाशाकडे पाहणेच वर्ज्य होते. तसे नाही. विनयपिटकात अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी जे नियम आहेत, त्यांत त्यांनी नक्षत्रे शिकून घ्यावीत आणि दिशांचे ज्ञान ठेवावे असे सांगितले आहे. म्हणजे वाट आणि वेळ कळण्यासाठी तारे अवश्य ओळखावेत, पण त्यांच्या नावाने कोणाला भिववू नये आणि त्या भीतीवर आपले पोट भरू नये. सतिपट्ठानात ‘अनुपस्सना’ हा शब्द येतो. पुन्हा पुन्हा, सातत्याने पाहणे असा त्याचा अर्थ आम्हांला शिकवला गेला. आपल्या श्वासाकडे असे पाहायला भन्तेजींनी शिकवले. नकाशा आणि आकाश ताडून पाहणारा वेधकर्ता तीच सवय दुर्बिणीपाशी वापरतो, असे मला वाटते.

मद्रासच्या वेधशाळेतील आणखी एका माणसाची आठवण येथे करायला हवी. चिंतामणी रघुनाथाचार्य हे तेथे साहाय्यक होते. विद्यापीठाची पदवी नसताना ते वेधकलेत इतके निष्णात झाले की १८६७ साली त्यांनी तेज बदलणारा एक तारा शोधून काढला. पुढे लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्यत्वही त्यांना मिळाले. १८७४ साली शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण व्हायचे होते. ते लोकांनी भयाने नव्हे, समजून पाहावे म्हणून त्यांनी भारतीय भाषांतून पुस्तिका काढली. पंचांगातील गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे यालाच दृक्प्रत्यय म्हणतात. परंपरेच्या आत राहूनही माणूस पडताळ्याची मागणी करू शकतो. मग परंपरा सोडून नव्या वाटेवर आलेल्या आपल्या घरांत ती मागणी अधिक जोराने व्हायला हवी.

आज माहीत असलेल्या लघुग्रहांची संख्या तेरा लाखांवर गेली आहे. यांतला एकही नवग्रहांच्या कोष्टकात नाही. कोणत्याही पत्रिकेत त्यांचे घर नाही आणि त्यांची शांत करण्याची दक्षिणाही कोणी मागत नाही. तरी तेही सूर्याभोवती त्याच नियमांनी फिरतात, ज्या नियमांनी मंगळ आणि शनी फिरतात. मुख्य पट्ट्यातील सर्व लघुग्रहांचे वस्तुमान एकत्र केले, तरी ते आपल्या चंद्राच्या काही टक्केच भरते. एकदा एका पालकसभेत मी हे सांगत असता एका आईने विचारले, “सर, या ग्रहांची पीडा कोणाला होते?” सभेत हशा पिकला, पण तिचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. कारण त्यापुढचा प्रश्न तिनेच विचारला, “यांची होत नसेल, तर त्यांचीच का व्हावी?”

पॉगसन यांनी १८८५ साली ‘व्हेरा’ हा लघुग्रह शोधल्यानंतर भारतातून पुढचा लघुग्रह सापडायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. १७ फेब्रुवारी १९८८ रोजी तामिळनाडूतील कावलूर येथील वेधशाळेत आर. राजमोहन यांना तो सापडला. त्याला गणितज्ञ रामानुजन यांचे नाव देण्यात आले आणि त्याचा क्रमांक ४१३० आहे. आता तर शाळकरी मुलेही या कामात भाग घेतात. हवाई बेटांवरील मोठ्या दुर्बिणीने काही मिनिटांच्या अंतराने टिपलेली आकाशाची छायाचित्रे आंतरराष्ट्रीय मोहिमांतून शाळांना मिळतात आणि त्यांत सरकणारा ठिपका मुलांनी शोधायचा असतो. पद्धत १८६१ चीच, फक्त कागदाच्या नकाशाऐवजी संगणकाचा पडदा आला आहे. मुलांना सापडलेल्या ठिपक्याला लगेच क्रमांक किंवा नाव मिळत नाही. पुढे अनेक वर्षे तो पुन्हा पुन्हा दिसावा लागतो, कक्षा निश्चित व्हावी लागते, तेव्हा कोठे तो यादीत कायम होतो. आपल्या मुलांनी हा संयम शिकावा असे मला वाटते. कोणत्याही शिकवणी वर्गात तो मिळत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. आपण सर्वांनी वर्गणी काढून विद्यालयाला एक चांगली दुर्बीण द्यावी. वसतिगृहाची गच्ची मोकळी आहे आणि आपल्या भागात अजून तरी रात्री काळोख असतो. दुर्बिणीशेजारी एक जाड नोंदवही असावी. पाहिल्याची तारीख, वेळ, दिशा आणि पाहणाऱ्याचे पूर्ण नाव तीत लिहिले जावे. शुक्राच्या कला, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी यांपासून सुरुवात करता येईल. मार्गदर्शनाला मी दर महिन्याला येईन.

दुसरी विनंती पालकांना आहे. मुलामुलींच्या सोयरिकी जमवताना शिक्षण पाहा, स्वभाव पाहा, आरोग्य पाहा, घरातील माणसे एकमेकांशी कशी बोलतात ते पाहा. जन्मवेळ विचारली गेली, तर ‘कशासाठी?’ असे नम्रपणे विचारा. उत्तर मंगळाचे मिळाले, तर त्या पाहुण्यांना सन्मानाने आपल्या विद्यालयाच्या गच्चीवर घेऊन या. मंगळ आकाशात असेल त्या रात्री त्यांना दुर्बिणीतून दाखवा. तांबूस रंगाचे ते लहानसे बिंब पाहून झाले की नोंदवहीत त्यांचेही नाव लिहून घ्या.